मधलं पाणी शेवटी गोठतं

२०१५ सालच्या सप्टेंबरात बातमी आली, की शनीच्या एन्सेलाडस नावाच्या चंद्रावर बर्फाच्या कवचाखाली चहूबाजूंनी समुद्र आहे. त्या दिवशी आमच्या बाबांनी मला तीन फोन केले. मी तासिका तत्त्वावर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि तिन्ही वेळा मी वर्गात होते. तिसऱ्यांदा पोरं हसायला लागली तेव्हा मी बाहेर जाऊन फोन उचलला. म्हटलं, घरी काही बरंवाईट तर झालं नाही ना?

"स्नेहल, पेपर पाहिला का? मी का म्हणत होतो?"

"बाबा, मी तास घेऊन राहिली!"

"घे ना मंग. पोरायले हेच सांग."

असा हा माणूस आहे. भोजराज शहारे, राहणार कामठा, शिक्षण सातवी. गोंदियाला मुन्नालाल सेठच्या बरफ कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काम केलं, रोज सायकलनं जाऊन-येऊन. या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट धरली आणि ती धरून आमच्या घराच्या नाकी नऊ आणले. लोकांचे बाप दारू पितात, पत्ते खेळतात. आमचे बाबा विहारात वंदना संपली रे संपली, की शेजारी बसलेल्या माणसाला सांगायला लागत, की आकाशात बर्फाचे चंद्र आहेत आणि त्यांच्या पोटात पाणी आहे. माणूस चप्पल शोधत उठायचा. बाबा त्याच्या मागे दारापर्यंत जायचे.

त्यांचं काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कारखान्यात जमिनीत एक मोठा हौद. त्यात मीठपाणी. ते शून्याच्या खाली थंड केलेलं असतं, पण मिठामुळे स्वतः गोठत नाही. त्या हौदात साध्या पाण्यानं भरलेले उंच पत्र्याचे डबे सोडायचे. डब्यातलं पाणी कडेनं गोठायला लागतं आणि बर्फ आत आत सरकत जातो. पाण्यातला मळ, क्षार, सगळं तो आपल्या पुढे ढकलत नेतो. शेवटी मधोमध तळहाताएवढं पाणी उरतं, गढूळ आणि मचूळ. ते पाइपनं ओढून काढायचं आणि त्या जागी स्वच्छ पाणी भरायचं, की बर्फाची लादी, आमच्याकडे तिला सिल्ली म्हणतात, काचेसारखी निघते. हे पाणी काढायचं काम बाबांचं. घाईत सिल्ली आधीच बाहेर काढली तर ती कच्ची राहते. वरून दगडासारखी दिसते, पण नवेगाव बांधच्या मासळीवाल्यानं टोच्या मारला, की आतून भसकन पाणी येतं आणि मग तो ज्या शिव्या देतो त्या इथे लिहिता येत नाहीत.

तर २००० साली कधीतरी कारखान्यात भज्यांचा पुडा आला. त्या कागदावर गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्राचा फोटो होता. पांढरा गोळा आणि त्यावर तपकिरी रेघाच रेघा. खाली लिहिलं होतं, की या बर्फाखाली पाणी असावं असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. बाबांनी भजी बाजूला काढली, कागद पँटीला पुसला आणि म्हणाले, "हे कच्ची सिल्ली हाय." आतलं पाणी गोठताना फुगतं आणि वरच्या बर्फाला अशाच रेघा पडतात, हे त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं. तो तेलकट कागद घरी आला आणि भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लागला. आईनं, म्हणजे कलाबाईनं, तो दोनदा काढला. दोनदा परत लागला.

कागद लागला तो लागला, पण तोंडही चालू झालं. लग्नात, तेरवीत, दवनीवाड्याच्या बाजारात. लोकांनी नाव ठेवलं, चंद्रवाले शहारे. शाळेत पोरं मला विचारायची, "काऊन वो, तुझा बाप चंद्रावर बरफ विकायले गेला का?" मी घरी येऊन दप्तर आपटायची. बाबा म्हणायचे, "हसू दे. मधलं पाणी शेवटी गोठते, हे त्यायले मालूम नाई."

त्यांना बाकी काही नको होतं. एकदा तरी कोणी शिकलेल्या माणसानं "भोजराज, तुझं बरोबर आहे" असं म्हणावं, एवढंच. एकदा कॉलेजचे एक प्राध्यापक पोरीच्या लग्नासाठी बर्फ न्यायला आले. बाबांनी सिल्ली पोत्यात गुंडाळता गुंडाळता युरोपाचा विषय काढला. प्राध्यापक म्हणाले, "भैया, पहले सिल्ली बाँध दो. चाँद की बात बाद में." तो बाद में कधी आलाच नाही. बाबा मात्र वर्षभर सांगत होते, "प्रोफेसर साहेब 'नाई' नाई म्हणाले. 'बाद में' म्हणाले." अशा माणसाला काय बोलणार? पालथ्या घड्यावर पाणी.

मी नववीत गेले तेव्हा आम्हाला विज्ञानाला बिसेन सर आले. बाबांनी मला छळून छळून त्यांना एक प्रश्न विचारायला लावला. प्रश्न चांगला होता, हे मला आज कळतं. कारखान्यातली सिल्ली दोन दिवस हौदात ठेवली तर ती आरपार गोठते. मग ते चंद्र कोट्यवधी वर्षं थंडीत आहेत, त्यांच्या पोटातलं पाणी अजून कसं राहिलं? सर खूश झाले. म्हणाले, एक तर त्या पाण्यात क्षार असावेत, त्यामुळे ते सहज गोठत नाही. दुसरं म्हणजे शेजारचा मोठा ग्रह त्या चंद्राला सतत कमी-जास्त ओढतो, कणीक मळल्यासारखा मळतो, त्यातून आत उष्णता तयार होते. मग सरांनी विचारलं, "हा प्रश्न तुला सुचला?" मी "हो" म्हटलं. घरी आले तर बाबा दारातच उभे. उत्तर ऐकून म्हणाले, "हे पहिलेच सांगायचं ना त्यायनं." प्रश्न माझा म्हणून सांगितल्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

त्याच वर्षी, २००६ च्या डिसेंबरात, गोंदियाला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. सरांनी माझं नाव दिलं. विषय ठरला, बर्फाच्या चंद्रावरचं पाणी. यात माझं फार काही अडकलं होतं. कामठ्यात दहावीच्या पुढे फक्त आर्ट्स. सायन्ससाठी रोज गोंदियाला जावं लागणार आणि आई त्याला तयार नव्हती. शेवटी रोजच्या कटकटीला कंटाळून ती म्हणाली, "राज्याले नंबर गेला तर जाजो सायन्सले. नाई त घरी बस." आमची आई एकदा बोलली की बोलली.

प्रदर्शनाचा एक नियम जाड अक्षरात छापलेला होता. प्रतिकृती विद्यार्थ्यानं स्वतः केलेली हवी, पालकांनी केल्याचं आढळल्यास बाद. आदल्या वर्षी आमच्याच शाळेचा एक पोरगा बाद झाला होता, कारण त्याच्या पवनचक्कीला त्याच्या सुतार बापाचा हात आहे हे लांबून दिसत होतं. मी बाबांना बजावलं, "तुम्ही फक्त हौद द्या. बाकी मी करीन." बाबा म्हणाले, "बरं." आणि पुढचे तीन रविवार कारखान्यात माझ्या डोक्यावर उभे राहून सूचना करत होते.

पण गोळा साधला. मोठ्या रबरी फुग्यात पाणी भरलं, त्यात मीठ आणि निळी शाई टाकली. फुग्याच्या तोंडात बारीक नळी घातली आणि तो हौदात टांगला. पहिले तीन फुटले. चौथ्याला बाहेरून बोटभर जाड बर्फ धरला आणि मीठ नि शाई आत ढकलली गेली. रबर सोलून काढलं तर पांढऱ्या गोळ्याच्या पोटात गडद निळं खारं पाणी हलताना दिसत होतं. माझ्या हातात एक चंद्र होता. गोळा एका रिकाम्या डब्यात ठेवून तो डबा हौदाच्या कोपऱ्यात सोडायचा आणि प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बाबांनी तो सायकलवर घेऊन यायचा, असं ठरलं.

त्या दिवशी दहाला परीक्षक फिरायला लागले. माझ्या टेबलावर तक्ते लागले होते, मधली थाळी रिकामी. सव्वादहाला बाबा आले. पोत्यात राइस मिलचा भुसा, त्यात बर्फाचा चुरा आणि खडे मीठ, आणि त्यात माझा गोळा. कुल्फीवाले लावतात तसं मीठ लावून आणलं होतं, वाटेत वितळू नये म्हणून. मी भुसा झटकला. गोळा काचेसारखा नितळ. आरपार पलीकडचा तक्ता दिसत होता.

"बाबा, निळं कुठं गेलं?"

बाबांनी गोळ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"काढलं वाटते मी."

"काढलं?"

"सकाळी चाळीस डबे होते पोरी. पाइप हातात होता. मधलं घाण पाणी ओढून राहिलो होतो, एक एक करत. त्यायच्या संगं हेही ओढलं गेलं. मंग साफ पाणी भरलं अन् तोंड बंद केलं." आणि लगेच, सवयीनं, थोड्या कौतुकानंच म्हणाले, "पाह्य ना, सिल्ली कशी निघाली."

मला तिथेच त्या माणसाच्या डोक्यात थाळी घालावीशी वाटली. सहा वर्षं या माणसानं मला, आईला, गावाला, भंतेजींना सांगितलं होतं, की महत्त्वाचं ते मधलं खारं पाणी. आणि ऐन दिवशी तेच पाणी घाण म्हणून नालीत! रागानं माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "जा तुम्ही इथून." पण तोवर परीक्षक समोर आले आणि बाबा पोतं हातात घेऊन टेबलामागेच अडकले.

परीक्षक वयस्कर होते, चष्मा, हातात वही. मी डोळे मिटून पाठ केलेलं म्हणायला लागले. बर्फाचं कवच, खालचा समुद्र, ग्रहाची ओढ. "आतलं पाणी खारं असल्यामुळे ते गोठत नाही," इथवर आले आणि टक् असा आवाज झाला. साधं पाणी, वरून मिठातलं थंडगार कवच, आतून ते भराभर गोठत फुगत होतं. गोळ्याला वरपासून खालपर्यंत रेघ पडली आणि तिच्यातून पाण्याची बारीक धार सरळ परीक्षकांच्या चष्म्यावर उडाली.

आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं खो खो हसली. मला वाटलं, संपलं. पण परीक्षक उडालेच. "अरे वा! एन्सेलाडसवर असेच फवारे दिसलेत! याच वर्षी वाचलं मी." त्यांनी चष्मा पुसला, बोटाला लागलेलं पाणी जिभेला लावलं आणि थांबले.

"हे तर गोडं आहे. तू खारं म्हणालीस."

मी थाळीत साचलेलं पाणी रुमालानं पुसायला लागले.

"मुली, आत काय आहे हे तुलाच माहीत नाही? हे तू केलंस, की घरी कोणी करून दिलं?" मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. "हे कोण? वडील का तुझे?"

मी तोंड उघडलं. त्या तोंडातून काय आलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या आधी बाबा बोलले.

"नाई साहेब. मी बरफवाला. कारखान्यातून बरफ टाकायले आलो. पोरीनं खारंच भरलं होतं, निळी शाई टाकून. माह्या हातून चूक झाली. आम्ही सिल्लीतलं मधलं पाणी काढून टाकत असतो, तसंच इचंही काढलं अन् गोडं भरलं."

परीक्षकांचा चेहरा सैल झाला. पण बाबांवर ते चिडले. "अहो, मुलांच्या प्रयोगाला हात कशाला लावायचा? तुम्हाला काय कळणार त्यातलं!"

"चुकलं साहेब."

मग त्यांना दया आली असावी. खारं पाणी शून्याला का गोठत नाही, हे त्यांनी बाबांना समजावून सांगितलं, अगदी सावकाश, चौथीच्या पोराला सांगावं तसं. वीस वर्षं मीठपाण्याच्या हौदावर उभा राहिलेला माणूस मान हलवत ऐकत होता. "असं का साहेब. असं असते का." शेवटी बाबांनी एवढंच विचारलं, "मंग त्या चंद्राच्या पोटात खरंच पाणी असन का साहेब?" परीक्षक म्हणाले, "दाट शक्यता आहे." बाबांच्या ओठावर 'कच्ची सिल्ली' हे शब्द आलेले मला दिसत होते. इतकी वर्षं ज्या शिकलेल्या माणसाला ते शोधत होते तो दोन हात अंतरावर उभा होता, विषय निघालेला होता, आणि त्यांनी ओठ दाबून धरले. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी निकाल लागला. दुसरा नंबर, राज्यासाठी निवड. बिसेन सरांनी पेढे आणले. बाबा फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते, आत आले नाहीत. घरी जाताना डबलसीट बसून मी त्यांना कामठ्यापर्यंत फैलावर घेतलं. "जगाले सांगत फिरता, अन् ऐकणारा भेटला त्या दिवशी बरफवाला? मी सांगणार होती ना त्यायले!"

"कायले सांगतेस? बाद झाली असती."

"अन् ते तुम्हाले म्हणाले तुम्हाले काय कळते, ते?"

"नंबर आला ना? मंग झालं."

त्यांच्या आवाजात जरा जरी दुखावल्याची खूण असती तर मला बरं वाटलं असतं. काही नव्हती. वर, हुश्शार परीक्षक होते, समजावून किती छान सांगतात, असं कौतुक. मी इतकी वैतागले की उतरून शेवटचा मैलभर चालत गेले.

आई शब्दाला जागली. मी सायन्सला गेले, पुढे एम. एस्सी. केली. हे सगळं त्या नंबरावर उभं आहे आणि तो नंबर कसा आला हे घरात दोघांनाच माहीत आहे. पण मला राग त्या दिवसाचा येत नाही. त्या दिवशी निदान नियम होता, मी बाद होण्याची भीती होती. मला राग येतो तो फेब्रुवारीतल्या नागपूरचा.

राज्याचं प्रदर्शन मोठं होतं. मोठमोठ्या शाळांच्या पोरी, पॉलिश केलेले बूट, खळखळ इंग्रजी. बाबा आदल्या दिवशी रेल्वेनं गोळा घेऊन आले, या वेळी निळं पाणी शाबूत. रात्रभर गोळ्याच्या पेटीजवळ बसून त्यांनी बर्फ बदलला होता. सकाळी ते माझ्या मागे खाली बसून पोत्यातला चुरा काढत होते, पँट गुडघ्यापर्यंत ओली, केसांत भुसा. इथल्या अर्जावर तो नियम नव्हता. उलट एक रकाना होता, मदत कोणाची घेतली त्यांचं नाव लिहा. मी तो रकाना कोरा ठेवला होता.

परीक्षक म्हणून एक बाई आल्या. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेत संशोधक होत्या. त्यांनी गोळा हातात घेतला, उजेडात धरला, कितीतरी वेळ फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "बर्फ कडेनं गोठतो आणि क्षार आत ढकलतो, हे पुस्तकातून नाही आलं. ज्यानं हे रोज हातानं केलंय, त्यालाच हे सुचेल. त्याचं अगदी बरोबर आहे. कोण आहेत हे? मला त्यांच्याशी बोलायचंय."

बाई हसत होत्या. पलीकडच्या टेबलावरच्या दोन पोरी माझ्याकडे आणि मग माझ्या मागे पोत्याशी बसलेल्या माणसाकडे पाहत होत्या. मला लाज वाटली. बाबांची लाज वाटली, दुसरं काही नाही.

"आमच्याकडे एक बरफवाला आहे," मी म्हणाले, "त्यानं गोठवून दिला."

बाबांनी मान हलवली, मी बरोबर उत्तर दिल्यासारखी. मग पोतं उचललं आणि दोन टेबलं पलीकडे जाऊन उभे राहिले, बाईंना संशय यायला नको म्हणून.